टोरांटो ते दिल्ली, चौदा तास

नत्थूजी बुधवारच्या पहाटेपासून बेपत्ता होते. गुरुवारी सकाळी टोरांटोहून आलेली त्यांची मुलगी पायल, बॅगांसकट, सदर भागातल्या वंदनाताईंच्या कचेरीत बसली होती. जितेंद्रने तिच्यापुढे चहा ठेवला. खासगी तपासाच्या कामात तो ताईंचा जोडीदार. धावपळीला पुढे, धागे जुळवायला थोडा मागे.

घराला कुलूप, फोन बंद. सत्तरी गाठलेले वडील, त्यात साखरेचा त्रास. पायलचा संशय आतेभावावर, रोशनवर होता. कळमना बाजारातलं वडिलांचं धान्याचं दुकान तोच बघायचा, घराची दुसरी किल्लीही त्याच्याकडे.

शेवटचं बोलणं काय झालं, असं ताईंनी विचारलं. निघण्यापूर्वी पायलनं वडिलांना फोनवर सांगितलं होतं : मंगळवारी रात्री दहाला विमान, दिल्लीपर्यंत चौदा तास, तिथं विमान बदलून गुरुवारी सकाळी घरी. घ्यायला येऊ नका.

दुकानात रोशन गोण्यांआड डोळे पुसत होता. जितेंद्रला ते नाटक वाटलं.

"मामाजीनं मले येवढंच इचारलं, दिल्लीहून टोरांटो किती दूर आहे," रोशन म्हणाला. "मोबाइलमध्ये पाहून सांगतलं, साडेअकरा हजार किलोमीटर."

त्यानं घर उघडून दिलं. देवघरात अडकित्ता होता. तो खिशात घातल्याशिवाय नत्थूजी उंबरठा ओलांडत नसत, असं पायल म्हणाली, तेव्हा जितेंद्रच्या मनात नको ते आलं.

शेजारच्या प्रेमिलाबाईंकडून नत्थूजींनी मंगळवारी संध्याकाळी लोकरीचा स्वेटर मागून नेला होता. "फेब्रुवारीत आम्ही पंखे लावून राहिलो, अन यायले स्वेटर काहून पाहिजे? तर म्हणे, उद्या बाराला पोरगी उतरते."

म्हातारबुवा वार चुकले, असं जितेंद्रला वाटलं.

वंदनाताईंनी सगळ्यांना नत्थूजींच्या बैठकीत बसवलं.

"त्यांना कुणी नेलेलं नाही. ते स्वतः विमानानं गेले. अडकित्ता घरी ठेवला, कारण धारेची वस्तू जवळ बाळगून विमानात बसू देत नाहीत. फोन तिथं बंद करायला लावला असेल; पुन्हा सुरू करायचं पहिल्या प्रवासात सुचलं नाही. आणि या दिवसांत स्वेटर लागतो तो दिल्लीत."

"पण बुधवारी बारा?" जितेंद्र म्हणाला.

"रात्रीच्या दहात चौदा मिळव."

"दुपारचे बारा."

"टोरांटोच्या घड्याळात. आपलं घड्याळ साडेदहा तास पुढं, ते नत्थूजींनी धरलंच नाही. पायल दिल्लीत उतरली रात्री साडेदहाला. फक्त दिल्लीपर्यंतचे चौदा तास धरले तरच बारा येतात, म्हणजे ते दिल्लीचाच विचार करत होते. पोरगी दुपारपासून सकाळपर्यंत परक्या ठिकाणी एकटी बसणार, असं त्यांना वाटलं. म्हणून सोबतीला गेले."

पायल खाली बघत म्हणाली, ती बाहेर आलीच नव्हती. आतल्या आतच दुसऱ्या विमानाकडे गेली होती.

ताईंनी दिल्ली विमानतळाला फोन लावला. तिकडे नत्थूजींच्या नावानं पुकारा झाला. बराच वेळ नुसती खरखर. मग थकलेला आवाज आला.

"पायल? कुठं आहे वं तू? मी कालपासून दारापाशीच उभा आहो. जेवली का?"

"तिथंच बसा, बाबा," पायल म्हणाली. "काहीतरी खाऊन घ्या. मी येते."

जितेंद्रने विमानतळावर जायला गाडी काढली. रोशन न विचारता पायलची बॅग घेऊन तिच्या शेजारी बसला. वाटेत पायलनं त्याला सांगून टाकलं, की सकाळी तिनं त्याचंच नाव घेतलं होतं.

"मले समजलं होतं," रोशन म्हणाला. "मामाजी सापडले नं. तू आता रडू नको."