ताईच्या गाण्यातले श्वास

ताईच्या नव्या अल्बममधले श्वास कापायचे तेवढे राहिले होते. गाणारा माणूस दोन ओळींच्या मध्ये श्वास घेतो, तो माइकमध्ये येतो, आणि आम्ही तो काढून टाकतो. वीस वर्षं हेच करतोय मी. भल्याभल्यांना बिनश्वासाचं केलंय. दुपारची वेळ होती, संध्याकाळपर्यंत नऊ गाणी कंपनीला पाठवायची होती. हाताशी चहा घेतला, हेडफोन चढवला, म्हटलं आधी सगळी ऐकून खुणा करू.

गाणी ताईचीच. शब्द तिचे, चाली तिच्या. भाऊजी गेल्यावर वर्षभर ही बाई कोणाशी धड बोलली नव्हती. जेवायची नाही, झोपायची नाही, नुसती वाळत चालली होती. डॉक्टरांनीही हात टेकले. आणि एक दिवस अचानक माझ्या स्टुडिओत येऊन उभी राहिली. "नऊ गाणी झालीत. तू रेकॉर्ड कर." मला इतका आनंद झाला की मी तिच्यावर ओरडलोच, आधी का नाही आलीस म्हणून. आमच्या घरात माया अशीच करतात.

तर, पहिल्याच गाण्यात एक जादा श्वास सापडला. ताईचा श्वास लहान, घाईचा, जन्मापासून ऐकतोय. हा लांब होता, आणि शेवटाला बारीक शीळ. गाताना ती आत एकटी होती, दार बंद, मी काचेच्या अलीकडे. म्हटलं, माइकनेच काहीतरी घोळ घातला असेल. खूण करून पुढे गेलो.

दुसऱ्या गाण्यात तसे चार निघाले. पाचव्यात निम्मे. ताईचे कमी होत होते आणि ते दुसरे वाढत होते. हसू नका, मीही आधी हसलोच होतो. सातव्या गाण्याला मात्र ती शीळ ओळखू आली आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. भाऊजींना दमा होता. माझा जिना चढून आले की दारात उभे राहून असाच श्वास घ्यायचे, आणि म्हणायचे, "थांब मेहुण्या, आधी हवा खाऊ दे, मग तुझा चहा."

नववं गाणं लावलं. ताई गातेय, काय सुरेख गातेय... आणि तिचा स्वतःचा एकही श्वास नाही. सगळे त्यांचे. बंद खोलीत निलगिरीच्या तेलाचा वास यायला लागला. रोज छातीला चोळायचे ते.

घाबरलो तर होतोच, पण त्याहून जास्त चिडलो. "भाऊजी," मी मोठ्यांदा म्हणालो, "तिला नेऊ नका. तुम्ही गेलात ते गेलात. तिची पोर आहे इथे... तिला राहू द्या."

गाणं चालूच राहिलं. मग मी मला येतं तेच केलं. त्या गाण्यातले अडतीस श्वास एकदम निवडले आणि पुसून टाकले. वासही गेला. मला वाटलं, वाचवलं मी ताईला.

तेवढ्यात फोन वाजला. ताईची मुलगी, घरून.

"मामा... आई कपड्यांच्या घड्या करत होती, एकदम कोसळली. श्वासच घेत नाहीये... ओठ निळे पडलेत... मामा, काय करू?"

काय करून बसलो होतो मी! भाऊजी तिला नेत नव्हते. संपत आलेल्या बायकोला ते आपल्या श्वासावर जगवत होते, आणि मी मूर्खाने ते एका फटक्यात पुसले होते. फोन खांद्याशी दाबून मी पुसलेलं परत आणायला लागलो. घाईत दोनदा भलतंच बटण दाबलं. पलीकडे पोरगी "आई, आई" करत होती. शेवटी अडतीसच्या अडतीस जागेवर आले.

फोनमधून आवाज आला. लांब श्वास, शेवटाला शीळ.

"घेतला! मामा, घेतला श्वास!" भाची रडायलाच लागली. "डोळे उघडलेत... माझ्याकडे बघतेय..."

जिवात जीव आला माझ्या. मीही रडलो, सांगायला लाज कसली. "तिच्याजवळच बस," म्हटलं, "मी निघालोच."

"हो... पण मामा..." तिचा आवाज एकदम खाली गेला. "मी हात ठेवलाय आईच्या छातीवर. छाती हलत नाहीये. आणि तो श्वास... तो माझ्या मागून येतोय."