पान न उलटणारी मुलगी

"हलू नका ना, मिस... प्लीज! फक्त नाक राहिलंय."

चँडलर या वाळवंटी शहरातल्या लायब्ररीच्या अंगणात, झाडाखालच्या बाकावर मी पुस्तक घेऊन बसले होते. समोर सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी मांडीवर फळी ठेवून चक्क माझं चित्र काढत होती. तिच्या मागे आणखी चार-पाच मुलं.

"माझंच का?" मी ओठ फारसे न हलवता विचारलं.

"बाकीचे सारखे फोन बघतात. तुम्ही मघापासून पानसुद्धा उलटलेलं नाही."

खरं होतं. बाबा नुकतेच गेले होते. दर शनिवारी मी त्यांना इथे आणायची. ते गेले, तरी शनिवार येतच राहिले.

"इत्झेल, आधी विचारायचं असतं!" मागून एक तरुण धावत आला. "सॉरी हं. मी रामिरो. यांना शनिवारी चित्रकला... म्हणजे, खरा टीचर नाही मी. एरवी ट्रकवर दुकानांची नावं चिकटवतो."

त्याच्या कोपराला एक लाल अक्षर चिकटलं होतं.

"आणि कोपरावर कोणाचं दुकान आहे?"

त्याने कोपर वळवून पाहिलं. "अरे देवा... टाको विकणाऱ्याचं. त्याच्या ट्रकवर आता एक अक्षर कमी असणार."

मी हसले. इत्झेल ओरडली, "गेलं नाक!"

पुढच्या शनिवारी मी आपणहून गेले. त्याच्या पुढच्याही.

"लायब्ररीत जायला लिपस्टिक कधीपासून लागते गं, प्रीता?" आईने विचारलं. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच ती मला चिडवत होती, म्हणून मी लिपस्टिक पुसली नाही.

एका दुपारी रामिरोने त्याच्या आईच्या हातचे तामाले आणले. मक्याच्या पानात वाफवलेले, गरम. ते सोलता सोलता मी विचारलं, "मुलांना सारखी माणसंच का काढायला लावतोस?"

"मी नाही काढली म्हणून." "सतराव्या वर्षी आर्ट कॉलेजला चित्रं पाठवली. सगळी फोटो बघून काढलेली. एकेक केस खरा वाटायचा! त्यांनी विचारलं, समोर बघून काढलेलं काही आहे का? असं काही लागतं हे मला माहीतच नव्हतं. आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत जुनी बाकं ठेवायचे. सांगणार कोण?"

माझ्या शाळेत ते वाक्य भिंतीवर लावलेलं होतं. 'फोटोवरून नको, समोर बघून काढा.' मला तर साधा आंबाही काढता येत नव्हता. तरी रोज नजरेखालून जायचं. दोन शाळांमध्ये गाडीने जेमतेम अर्ध्या तासाचं अंतर.

मी त्याच्याकडे बघत राहिले. जे एक वाक्य कळायला त्याला इतकी वर्षं मोजावी लागली, ते तो दर शनिवारी फुकट वाटत होता. कडवट न होता, हसत.

"मिस, यांना सांगा ना," इत्झेल मध्येच म्हणाली. "लॉस एंजेलिसचा एक ॲनिमेशन स्टुडिओ शिकाऊ लोक घेतोय. डिग्री लागत नाही. आम्हाला म्हणतात अप्लाय करा, आणि स्वतः..."

"इत्झेल, तुझी पेन्सिल बोथट झालीय."

"जीभ नाही झालेली, मिस्टर!"

ती गेल्यावर त्याने मला स्वतःची चित्रं दाखवली. तामाले वळणारी आई. भर उन्हात छपरावर वाकलेला मामा. घामाने पाठीला चिकटलेला शर्ट... मी चित्रं त्याच्या हातात परत ठेवली.

"पाठव."

"यात अजून एक चेहरा कमी वाटतो."

"सगळे माझा काढतात. तू कधीच नाही काढलास."

"तुझा काढला तर तेच सगळ्यात चांगलं होईल," तो हळूच म्हणाला. "पण त्यात तुझं दुःख असणार. ते विकून मला नोकरी नको, प्रीता."

तेवढ्यात हिवाळ्यातला भुरभुर पाऊस सुरू झाला. वाळवंटातल्या झुडपांचा कडवट, ओला वास पसरला. मुलं किंचाळत छपराखाली पळाली. आम्ही दोघं तिथेच—

"मग दुःखात नसेन तेव्हा काढ," मी म्हटलं.

"ते कधी?"

"आत्ता."

कागद भिजत होता. त्याने तरी काढलं.

लिंबा-संत्र्यांची झाडं फुलली, गल्लीभर गोड वास सुटला, आणि एका संध्याकाळी त्याचा फोन आला.

"स्टुडिओने घेतलं मला."

मी विचारलं, "काय आवडलं त्यांना?"

"छपरावरचा मामा. मामा आता सगळ्यांना सांगत फिरतोय, मी मॉडेल आहे."

"आणि माझं?"

"पाठवलंच नाही."

"का?"

"अनोळखी लोकांनी त्याला मार्क द्यावेत... नको वाटलं."

"मग काढलंस कुणासाठी?"

पलीकडे तो हसला. "इतकी पुस्तकं वाचतेस आणि हे विचारतेस?"

माझे कान तापले. पुढच्या महिन्यात तो लॉस एंजेलिसला जाणार होता. आपण गप्प राहिलो, तर तो तसाच जाईल...

"आई विचारतेय," मी म्हटलं, "आज जेवायला येतोस का?"

"आत्ता?"

"हो. आणि जाईपर्यंत रोज येतोस का. आणि तिकडून सुट्टी मिळेल तेव्हा."

"एवढं सगळं आई विचारतेय?"

आई स्वयंपाकघरात भाजी फोडणीला टाकत होती. तिने काहीच विचारलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "मी विचारतेय."