मेंढ्याच्या पाठीवरची चिलटं

धनाजीला मारणारी चिलटं जिवंत धरून मिरजेला न्यायची, एवढ्यासाठीच आम्ही आटपाडीपलीकडची ती घळ उतरत होतो!

धनाजी माझा धाकटा भाऊ. याच घळीत मेंढरं राखताना तापानं फणफणला आणि पाचव्या दिवशी गेला. डेंग्यूची तपासणी दोनदा निगेटिव्ह, तरी कागदावर 'संशयित डेंग्यू'! मी मिरजेच्या प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ. आमच्या डॉक्टर शिवांजलींना त्याच्या रक्तात भलताच विषाणू सापडला, बहुधा चिलटांतून आलेला. त्यांना पुरावा हवा होता. मला सूड हवा होता.

वाटाड्या कोंडीबामामा रोज पुढं जायचा, डॉक्टर आणि मी मागून. मुरूम पायाखालून सुटायचा, बाभळी हात ओरबाडायच्या. दोन दिवस उजाडायच्या आत मेंढरांपाशी जाऊन बसलो. एक चिलट येईल तर शपथ!

तिसऱ्या दिवशी डॉक्टर थबकल्या. "मामा, हा धूर कसला?"

धनगराच्या तळावर धूर असायचाच, म्हणून आम्हाला शंकाच आली नव्हती.

"लिंबाचा पाला जाळतुया. तुमी पावनी माणसं, चिलटं चावली तर बरं दिसंल व्हय?"

"आवं मामा, चावणाऱ्यांनाच धरायला आलोय न्हवं आमी!" मी बोंबललो.

धुनी विझवली. घटकाभरात चिलटं आली. ढगच्या ढग! मी सरळ पँट गुडघ्यावर ओढली, उघडा पाय त्यांच्यापुढं धरला.

"सूरज, वेडा झालास? मेंढा बांध!" डॉक्टर कडाडल्या.

मेंढा बांधला. ओढनळी तोंडात धरून एकेक चिलट बाटलीत ओढलं. बोटं शिवशिवत होती. चिरडावीत सगळी! पण मेलेली, वाळलेली चिलटं काय कामाची? दात खात ओलं फडकं गुंडाळून बाटली छातीशी धरली.

चढताना दरड सुटली. मी घसरलो! एक हात बाटलीवर, दुसरा खडकावर. कडकन आवाज झाला. मनगट मोडलं. बाटली शाबूत!

मिरजेत तपासणीआधी चिलटं गोठवायची होती. फ्रीझरमध्ये मीच ठेवली. ती गार पडेपर्यंत हटलो नाही. लय बरं वाटलं. मग रडू फुटलं.

आठवड्यानं निकाल आला. धनाजीच्या रक्तातला विषाणू त्याच चिलटांत होता! इस्पितळाच्या वॉर्डातल्या 'संशयित डेंग्यू'च्या चौघांची पुन्हा तपासणी झाली. दोघांत तोच निघाला. मी आईला फोन लावला.

"आई, धनाजीला मारणारा सापडला."

"मेला का?"

"न्हाई गं. घळीत लाखांनी हायती अजून."



"मग घरी कशाला फोन करतूस? जा की माघारी!"