तांबडा उजेड

खंडेनवमीला सकाळी अकरा वाजता लसकोठाराच्या दारात स्वयंवाहक, म्हणजे लसींचा रॅक वाहणारी विनाचालक गाडी, अडकून बसला. आत उणे तीस अंशांच्या थंडीत बळवंत खिलारे पालथे पडले होते, आणि आत जायला दुसरी वाट नव्हती.

नियंत्रणकक्षाच्या पडद्यावर ते दिसत असताना यामिनी भोपटकरला स्वतःचा संताप येत होता. यंत्रांची पूजा आटोपली असं समजून तिनंच स्वयंवाहक चालू केला होता. पूजा कुठली आटोपतेय! बळवंतकाका म्हणजे हाती घेतलेलं तडीस नेणारे गृहस्थ. दारापासून सुरुवात करून, जमिनीवरच्या एकेका संकेतचौकटीला कुंकू लावत ते आत गेले होते. बाहेर लोक जिला क्यूआर कोड म्हणतात, तिला इथे संकेतचौकट म्हणत. स्वयंवाहक याच चौकटी वाचत वाट काढतो. दहाव्या चौकटीपाशी काका घसरले आणि त्यांचं डोकं आपटलं.

"काका तग धरतील दहा मिनिटं. फार तर बारा," फिरोज तडवी म्हणाला. यंत्रांना बघायला शिकवणं हे त्याचं काम.

"मागचं दार?"

"संकटदार आहे, यामिनीताई. ते आतूनच उघडतं."

"पण हे यंत्र अडलं कशानं? चौकट तीस टक्के बिघडली तरी वाचता येते, असं तूच सांगतोस."

"येतेच. मजकुराबरोबर तो पुन्हा जुळवायला लागणारी जादा माहितीही चौकटीत भरलेली असते. तीच दोषदुरुस्ती. पण आपल्या संचालकांची हौस दांडगी! प्रत्येक चौकटीच्या पोटात कंपनीचा मोर छापला. वीस टक्के तो मोरच खाऊन बसलाय. उरले दहा, त्यावर काकांनी पाचही बोटं ओढली. वाचता आलं नाही की यंत्र जागच्या जागी ब्रेक लावतं."

यामिनीला सकाळचे काका आठवले. पाण्यात कालवलं तर आत गोठेल, म्हणून ते कुंकू तेलात कालवत होते आणि तिनं त्यांची थट्टा केली होती.

"फिरोज, कुंकू पातळ आहे. काळ्यावर काळंच राहतं, डाग दिसतो तो फक्त पांढऱ्यावर. तांबड्या उजेडात तांबडं आणि पांढरं सारखंच दिसतं ना?"

फिरोज खुर्चीतून उठलाच. "यंत्राचा दिवा तांबडा केला तर त्याच्या लेखी कुंकू उरणारच नाही! पण ते मागे येणार नाही, ताई. पुढेच जाईल. आणि काका वाटेत आहेत."

"काकांच्या जाकिटाच्या पाठीवर माणूसचौकट आहे की. ती दिसली की यंत्र दोन हात अलीकडे थांबतं."

आतल्या धुक्यात स्वयंवाहकाला चौकटींखेरीज काहीच ओळखता येत नसे. माणूसचौकट दिली होती ती त्यासाठीच. फिरोज दोघा कामगारांना घेऊन दाराकडे धावला. यामिनीनं दिव्याचा रंग बदलला.

दोन टनांचा रॅक हलला. पहिली चौकट वाचली गेली, मग दुसरी. दार मोकळं झालं. यामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. पाचवी, सहावी. यंत्र काकांच्या किती जवळ पोचलं हे बघायला तिनं दुसरा पडदा लावला. स्वयंवाहकाला जे दिसे तेच त्यावर उमटे.

काकांची पाठ कोरी होती.

तिला आधी काही कळेना. मग कळलं. माणूसचौकट सुरक्षा विभागानं छापून घेतली होती. धोक्याचा रंग म्हणून तांबड्या शाईत, पांढऱ्या कापडावर. कुंकू नाहीसं झालं, त्याच उजेडात माणूसही नाहीसा झाला होता.

तिनं थांबण्याचा आदेश दिला. तो अमलात यायचा चौकटींच्या ओळीच्या टोकाला पोचल्यावरच. मध्येच थांबवायचं बटण यंत्राच्या पाठीवर होतं. फिरोज धुक्यातून धावत होता, पण तो अजून तिसऱ्या चौकटीवर होता. स्वयंवाहकानं आठवी ओलांडली.

यामिनीनं दिवा पुन्हा पांढरा केला.

नववी चौकट आली. तिच्यावर पाच बोटांचे पट्टे लख्ख उमटले होते. यंत्राला ती वाचता येईना. ब्रेक करकचले, रॅक डगमगला आणि स्वयंवाहक थांबला. त्याचं पुढचं चाक काकांच्या टाचेला टेकलं होतं.

तिघांनी काकांना ओढून बाहेर आणलं. घोंगड्यांत गुंडाळून, तळवे चोळून बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले. काय झालं ते फिरोजनं थोडक्यात सांगितलं.

"चुकलंच माझं, बाई," काका पुटपुटले. "माझ्या कुंकवापायी केवढा घोळ झाला. आत्ता पुसून घेतो सगळं."

यामिनी त्यांच्या पायांशी बसली होती. फिरोजनं सांगायचं टाळलेलं तिनंच सांगायला हवं होतं.

"नका पुसू, काका. कुंकवानं यंत्राला अडवलं, दोन्ही वेळा. मीच ते तुमच्या अंगावर सोडलं होतं."