तळाचा तुकडा

दिवा लावा, पण मेणबत्ती नको. मग सांगते.

आगीनंतर फुटलेल्या काचा जुळवून त्या कशा फुटल्या ते शोधणं, हे माझं काम. त्या दिवशी भर दुपारी मी एका जळक्या खोलीत काचेचा एकच तुकडा शोधायला गेले होते. काचेच्या बरणीतल्या मेणबत्तीने तिथे आग लागली होती आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई त्यात गेल्या. नणंद म्हणे, वहिनीनेच रागाच्या भरात बरणी ढकलली. सून म्हणे, बरणी आपोआप तडकली.

अकरा तुकडे मी जुळवले होते. तळाचा तेवढा नव्हता, आणि तडा सुरू झाला होता तिथूनच. ठोकर बसली तर काचेचा टवका उडतो. नुसत्या उष्णतेने तडकली तर कड गुळगुळीत राहते. सुनेची अब्रू त्या बोटभर काचेवर टांगलेली होती.

"तीनदा चाळली राख, मॅडम," सून म्हणाली.

"मग चौथ्यांदा. तोंड काळं झालंच आहे दोघींचं, आता लाजायचं कुणाला?"

ती हसली. महिन्याभरात पहिल्यांदाच हसली असावी.

टक... टक.

तिचं हसू विरलं. "आई अंगठी आपटायच्या... पलंगाच्या दांडीवर. पाणी हवं असलं की."

पलंगाचा नुसता लोखंडी सांगाडा उरला होता. त्यावर कुणी नव्हतं. जळकट वासात एकाएकी व्हॅनिलाचा गोड वास मिसळला, त्या मेणबत्तीचा. माझी बोबडी वळली होती, खोटं कशाला बोलू? पण काचेची ओढ भीतीहून मोठी! मी सांगाड्याखाली हात घातला. तीनदा चाळलेल्या राखेवर तो तुकडा अलगद ठेवलेला होता.

भिंगाखाली धरला.

"टवका नाही! कड गुळगुळीत आहे! सुटलात हो तुम्ही, सुटलात!"

ती सांगाड्याला धरून हमसाहमशी रडली. "आई... तुम्ही दिलात..."

तेव्हा माझं लक्ष काचेला चिकटलेल्या मेणाकडे गेलं. महिनाभर राखेत पडलेलं मेण कोमट होतं, मऊ होतं. त्यात एका बोटाचा ठसा होता आणि खाली अंगठीचा वळ. मी तर हातमोजे घातले होते.

नणंदेने तक्रार मागे घेतली, प्रकरण मिटलं. तुकडा पारदर्शक पिशवीत सील करून माझ्या कपाटात आहे. वर्ष होत आलं. काल सहज काढून पाहिला. सील जसंच्या तसं आहे, मेण अजून मऊ आहे.

आणि ठसे आता दोन आहेत.