पहाटे न दबणारे पेडल

टिनाच्या शेडमध्ये मोटार एक होती. ती सागाच्या चार ठोकळ्यांवर उभी होती. भिंतीला टेकवलेली चाके पाच. पुढच्या काचेला तडे सात. तेलाचे डबे सहा. पाच रिकामे, सहाव्याच्या तळाशी चार बोटे पांढरे मेण. पुढच्या बाकावर वाळलेल्या रक्ताचा डाग एक, तळहाताएवढा. बॉनेटवर लिंबे तीन. ती मात्र ताजी होती.

मनसारामने हे सारे ९ जानेवारी १९५७ च्या पहाटे, सव्वासहा वाजता, वहीत उतरवले. तो चांद्याचा कंपाउंडर. मोजण्यात त्याची चूक सहसा होत नसे. मोजलेल्याचा अर्थ लावायचे काम त्याचा मित्र सोमाजी नन्नावरे करी. खाजगी तपास हा सोमाजीचा धंदा होता.

"लिंबं कोणाची?" सोमाजीने विचारले.

"माझीच," पोचू मिस्त्री दाराबाहेरून म्हणाला. पहाटे तो उंबरा ओलांडत नसे. "इंजन म्या सतरा दिवसांत चालू केलं, साहेब. पण ब्रेकले हात नाई लावत. दाबून तर पाहा तुमी."

मनसाराम आत बसला. त्याने ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवला आणि दाबला.

पेडल दबले नाही. त्याने दोन्ही पाय लावले. खालून कोणीतरी तेवढ्याच जोराने तळवा टेकवून बसले असावे, तसे ते होते. बाकावरचा डाग त्याच्या मांडीपासून वीतभर दूर होता. तो झटकन खाली उतरला आणि उगाच हात पुसू लागला.

"रोज पहाटे असंच," पोचू हलक्या आवाजात म्हणाला. "दुपारी दबते. पहाटे मालक पाय लावून बसते."

सोमाजीने खिशातला तापमापक काढून बाकावर ठेवला. पाच मिनिटांनी वाचला. पन्नास अंश.

शेडची किल्ली इंदिराबाईंच्या कमरेला असे. दहा वर्षांपूर्वी, ११ जानेवारीला, त्यांचे यजमान गुणवंतराव, कोसंबीचे मालगुजार, याच मोटारीत गेले. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, उतरताना मोटार थांबली नाही. ऐनाच्या झाडावर आदळली. बैलांनी ओढून ती शेडमध्ये आणली, आणि कुलूप लागले ते गेल्या महिन्यापर्यंत.

"दहा वर्षं का थांबलात?" सोमाजीने विचारले.

"मी कुठी थांबली? दर साली म्हणो, दुरुस्त करू, दवाखान्याले देऊ. बाळंतिणी बैलबंडीतच मरून राह्यल्या. पण घनश्याम भाऊजी म्हणत, वहिनी, अपशकुनी आहे ते, भंगारात द्या. यंदा मी कोणाचं ऐकलं नाई." बाईंनी पदर सावरला. "मले एकच सांगा. ब्रेक लागला नाई, का इस्तारी ड्रायव्हरनं दाबलाच नाई? गाव म्हणते तो पिऊन होता. तसं असन तर त्यानं गाव सोडावं. नाईतर..."

त्यांनी तलावाकडे बोट केले.

इस्तारी तलावाच्या काठाला बसला होता. डावा पाय गुडघ्यातून वळलेला. पाण्यात इतर ढिवर जाळे ओढत होते. हा नुसता पाहत होता.

"तुम्ही नाही उतरत?"

"दहा साल झाले, मले जाळ्याले हात लावू देत नाई. मालकाले खाल्लं म्हणते. पोरीले मागणं येत नाई." त्याने ढेकूळ पाण्यात टाकले. "भाऊ, म्या दाबला. दोन्ही पायानं दाबला. पायडल गोट्यासारखं झालं होतं. हातब्रेकची तार लढाईच्या वक्तापासून तुटली होती. मी काय करू?"

"त्याआधी कधी असं झालं?"

"कधीच नाई. डिसेंबरात पोचूनं एरंडेल भरलं होतं. लढाईपासून दुसरं भेटतच नोतं. थंडीत रोज पहाटे गाडी काढो, ब्रेक मस्त लागे. आदल्या दिवशी दुपारी घनश्याम भाऊंनी ब्रेकचं तेल बदललं. ते खाली, मी वर पायडल दाबून राह्यलो. गावभर फिरलो मग. चांगला लागला."

"आणि गुणवंतराव त्या पहाटे कुठे निघाले होते?"

"चांद्याले. रेंजर साहेबाकडं. सागवान कोण चोरून तोडते, त्याची नावं सांगाले."

गुणवंतरावांचे धाकटे भाऊ घनश्यामराव ओट्यावर शेगडीपाशी ऊन व्हायची वाट पाहत बसले होते. टाचा फुटलेल्या. बोलणे नागपूरचे.

"ब्रेकचं तेल? हो, मीच बदललं. एरंडेल. लपवायचं काय त्यात?" बोलता बोलता त्यांनी कोनाड्यातली बाटली काढून शेगडीला टेकवून ठेवली. "त्या दुपारी अख्ख्या गावानं पाहिलं, ब्रेक उत्तम. दादा गेले ते त्या दारुड्यामुळे."

"तुम्हीही जाणार होता ना त्यांच्यासोबत?"

"जाणार होतो. मग म्हटलं, बैलांची दमणी घेऊन पुढे निघावं. नशीब माझं." बाटली त्यांनी हलवून पाहिली, हातावर तेल ओतले आणि टाचांना चोळू लागले. मोहाच्या बियांच्या तेलाचा, टोळीच्या तेलाचा, तिखट वास ओटाभर पसरला.

दुपारी अडीचला शेडचे टिन हाताला चटका देत होते. आत शहाऐंशी अंश. मनसारामने डोळे मिटून पेडल दाबले. ते तीन इंच खाली गेले.

तो धडपडत बाहेर आला, मग जिद्दीने पुन्हा मोजदाद करायला आत शिरला. थोड्या वेळाने त्याची हाक आली.

"सोमाजी! डबा बदलला. सकाळी मेण होतं, आता तेल आहे. किल्ली तर बाईंकडे! आत कोण येते रे?"

"कोणी नाही," सोमाजी म्हणाला. "उद्या पहाटे सगळ्यांना इथे बोलाव."

दुसऱ्या दिवशी पहाटे सहा वाजता शेडमध्ये आठ माणसे होती. त्यांत पोलीस पाटील आणि शिपाई. एकोणपन्नास अंश. सहावा डबा कंदिलाजवळ होता. त्याच्या तळाशी पुन्हा पांढरे मेण.

गावातल्या बायकांनी दारातूनच हात जोडले.

"पोचू, पुढच्या चाकाच्या जागेची ब्रेकची नळी सोड. मनसाराम, पेडल दाब. जोर लाव."

पोचूने देवाचे नाव घेऊन पाना फिरवला. आधी काहीच आले नाही. मग नळीच्या तोंडातून शेवईसारखा एक पांढरा धागा हळूहळू बाहेर आला आणि जमिनीवर पडला.

पोचूने तो उचलून हुंगला. "अरे, हे तर टोळीचं तेल!"

"तेच," सोमाजी म्हणाला. "एरंडेल आपल्या थंडीत थिजत नाही. टोळीचं तेल थिजतं. नळीत थिजलं की पेडल दगड. दुपारी पातळ झालं की ब्रेक चालू. मालकांचा पाय नाही, मनसाराम. डब्यातलं मेण आणि पेडलखालचा पाय एकच. डिसेंबरच्या थंडीत ब्रेक लागत होता, म्हणजे पोचूनं एरंडेलच भरलं होतं. हे तेल १० जानेवारीच्या दुपारी गेलं. कोणी भरलं, ते घनश्यामरावांनी स्वतःच सांगितलं."

"चूक झाली!" घनश्यामराव एकदम म्हणाले. "डबा चुकला असेल. मी नागपुरात शिकलेला. टोळीचं तेल थिजतं हे मला काय ठाऊक?"

"बाहेरच्या माणसाची हीच चूक होईल. म्हणून मी काल तुमचे हात पाहत होतो." सोमाजीने आवाज चढवला नाही. "टाचांना लावण्याआधी तुम्ही बाटली शेगडीला टेकवली. हलवून पाहिली, मग ओतली. इथे जन्मलेला माणूस हिवाळ्यात विचार न करता हेच करतो. तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून भरल्यावर भर उन्हात गावभर ब्रेक दाखवलात, आणि पहाटे दमणीनं गेलात. चांद्याला जी नावं जाणार होती, त्यात पहिलं कोणाचं होतं?"

घनश्यामराव दाराकडे वळले. दारात शिपाई होता.

इंदिराबाई कोणाकडे पाहत नव्हत्या. त्या इस्तारीपुढे जाऊन थांबल्या.

"दहा वर्षं," त्या म्हणाल्या. मग कमरेची किल्ली काढून त्यांनी त्याच्या हातात ठेवली. "तूच चालव."

"मले भेव लागते, बाई."

"मले बी लागते. मी बाजूले बसतो."

पोचूने नळ्या स्पिरिटने तीनदा धुतल्या, नवे तेल भरले, चाके चढवली. त्याला सहा दिवस लागले.

१६ जानेवारी. सकाळी सहा. तापमान अठ्ठेचाळीस अंश. तलावाच्या पाळीचा उतार. चालक इस्तारी, बाजूला इंदिराबाई. काठावरचे ढिवर जाळी सोडून उभे. वेग ताशी वीस मैल. पांढऱ्या दगडापाशी ब्रेक दाबला. दगडापासून मोटार थांबल्या जागेपर्यंतचे अंतर मनसारामने टेपने दोनदा मोजले : एकतीस फूट चार इंच.