ताईची गोल खोली

या, असे पुढे सरका. मागे बसलात तर ऐकू येईल, पण पोचणार नाही. एका चष्मेवाल्याची गोष्ट सांगतो, आणि त्याच्या ताईची.

चष्मेवाला माणूस मापाचा. काचेतला केसाएवढा फरक त्याच्या बोटाला कळायचा. पण दुकानाचं शटर ओढलं, की गडी घरी येऊन घरं काढत बसायचा. घुमटाची, ठासलेल्या मातीची, एकही कोपरा नसलेली. कुणी मागितलेली नव्हती, कुणी बांधणार नव्हतं. बायको म्हणायची, "लोकांचे नवरे पत्ते कुटतात, आमचे कागदावर वारुळं काढतात." तोही हसायचा.

ताई त्याच्याहून बरीच मोठी. आईवडील लवकर गेले. तिनंच त्याला वाढवलं, शिकवलं, आणि स्वतः जन्मभर दुसऱ्यांच्या घरात निजली. कधी जिन्याखाली, कधी स्वयंपाकघरात ओट्याशेजारी. भावाकडेही बाहेरच्या खोलीतच. पाहुणे उठेपर्यंत बिचारी डोळे ताणून बसायची. एकदा सहज बोलून गेली, "मरायच्या आधी एकदा दार लावून झोपायचंय रे."

बस्स. चष्मेवाल्यानं परसात कंबरेइतकी खुंटी ठोकली. तिला दोरी बांधली, दोरी ताणून फिरवली, गोल आखला. दोरी पुरते तिथे भिंत, इतका साधा हिशेब. मग रोज फळ्यांच्या साच्यात ओलसर माती टाकायची आणि धुम्मसानं ठोकायची, ती दगडासारखी वाजेपर्यंत. थरावर थर. एक तांबडा, एक पिवळट. वर कच्च्या विटांचा घुमट. ताई आत राहायला गेली तेव्हा तिनं दार लावून घेतलं आणि आत खुदकन हसली, एकटीच, लहान मुलीसारखी. बाहेर उभ्या चष्मेवाल्याचे डोळे भरून आले. देवानं आपला छंद आज कारणी लावला, असं त्याला वाटलं.

मधली खुंटी तशीच राहिली होती. ताई तिला पिशवी अडकवायची. एका सुट्टीच्या सकाळी फडताळ बसवायला म्हणून त्यानं दोरी भिंतीपर्यंत नेली, तर ती सैल पडली. बोटभर. ताणून ताणून वाढली असेल, म्हणून त्यानं ती कापली. पुढच्या सुट्टीला पुन्हा सैल. आता वीतभर.

त्यानं बाहेरून मोजलं. होतं तेवढंच. गिरमिटानं भिंतीला आरपार भोक पाडून सळई घातली. जाडी होती तेवढीच.

बाहेर तेवढंच, भिंत तेवढीच, आणि आतली जागा कमी. असं होत नाही. म्हणून त्यानं मापच खोटं ठरवलं. दुकानातली फीत आणली, मग शेजारच्या शिंप्याची मागून आणली. ताईला "बाहेर ये" एवढं मात्र म्हणाला नाही. जन्मात एकदा मिळालेली खोली तिच्याकडून काढून घ्यायची कशी?

"ताई, खाट सरकवलीस का?"

"मी कशाला सरकवू? भिंतच जवळ आलीय. बरं वाटतं. हात लांब केला की टेकतो."

"भीती नाही वाटत?"

"चल, वेड्या! उबेला कुणी भितं का?"

एका दुपारी बायको ताईचं ताट घेऊन गेली आणि ताट तसंच घेऊन परत आली. पांढरीफटक.

"अहो, वन्सं आत आहेत ना?"

"आहेत की. का?"

"मग त्यांचा आवाज एवढ्या लांबून का येतो?"

तो धावला. दार ओढलं. खाट दिसली, खाटेवर ताई, आणि खाटेला चिकटून सगळीकडून भिंत. हात घातला असता तर पोचला असता, एवढंच अंतर. ताई गात होती. लहानपणी त्याला निजवताना गायची तेच. पण गाणं मोठ्या माळाच्या पलीकडून यावं तसं येत होतं.

"ताई, बाहेर ये. आत्ताच्या आत्ता!"

ती वळली. ओठ हलले. शब्द मागाहून आले.

"दार लाव रे. वारा लागतो."

त्यानं हात पुढे केला.

हात पोचला नाही.

तो कुदळ आणायला पळाला. येऊन पाहतो तर दार लागलेलं. आतून.

शेजारी धावून आले. दार फोडलं. दारामागे माती. घुमट पाडला. त्याखाली माती. सगळ्यांनी मिळून जमिनीपर्यंत खणलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती ठासलेली माती. तांबडा थर, पिवळट थर, कुठे खंड नाही. खाट नाही. खुंटी नाही. ताई नाही.

एवढी माती त्यानं कधी आणलीच नव्हती.

लोक गेले. तो ढिगाऱ्याशी बसून राहिला. बायकोनं उठवायला हात धरला, तेव्हा त्यानं तिचा तळवा अगदी मधून निघालेल्या मातीवर टेकवला. ऊन कधी न लागलेली माती. ती कोमट होती. कुणी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणासारखी.

आता तुम्ही घरी जाल, दार लावाल, दिवा मालवाल. तेव्हा त्या माउलीची एकदा आठवण काढा. आणि अंथरुणावर जरासे बाजूला सरका. तिला फार जागा लागत नाही.